शब्दाचे मिटलेले पंख

धानाच्या रोवणीचे दिवस होते. वर्गातली निम्मी बाकं रिकामी होती, कारण निम्मी मुलं बांधीत चिखलात उभी होती. भंडारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेव्हा पीकशास्त्र शिकवीत असे. त्या दिवशी किडींचं वर्गीकरण तोंडी विचारत होतो. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोशाचं काम. जंगलात ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, गुलेल घेऊन पाखरं हाकायची, कोष उतरवायचे, हे सगळं तो लहानपणापासून करत आलेला. त्याला मी विचारलं, "टसरचा पतंग कोणत्या गणातला?" तो उभा राहिला, खाली पाहू लागला, आणि तसाच उभा राहिला. मी वहीत शून्य मांडला.

तास संपल्यावर तो दारात थांबला होता. म्हणाला, "सर, ते नाव ध्यानात रायत नाही. पन त्या पतंगाच्या पखाले भुकटी रायते. हात लावला का बोटाले चिकटते." आणि त्यानं बोटं चोळून दाखवली.

मी गप्प झालो. कारण त्या मुलानं प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं होतं, आणि ते अचूक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणापर्यंत नव्हतं. 'लेपिडॉप्टेरा' हा शब्द मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो, पण तो कधी उघडून पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी शब्दकोश काढला. ग्रीक भाषेत 'लेपिस' म्हणजे खवला आणि 'टेरॉन' म्हणजे पंख. ज्याच्या पंखावर खवले आहेत तो लेपिडॉप्टेरा. बोटाला चिकटते ती भुकटी म्हणजे तेच खवले, सूक्ष्मदर्शकाखाली घरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. माझा विद्यार्थी ग्रीक न शिकता ग्रीक बोलला होता, आणि मी त्याला शून्य दिला होता.

ही गोष्ट आज सांगायची ती केवळ पश्चात्ताप म्हणून नव्हे. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून विज्ञान शिकवताना आपण रोज हेच करतो आहोत असं माझं मत आहे. शास्त्रीय नाव ही एक बंद पेटी आहे असं समजून ती आपण मुलांच्या डोक्यावर ठेवतो आणि परीक्षेपर्यंत वाहून न्यायला सांगतो. पेटीत काय आहे ते दाखवत नाही. आणि पेटीत बहुतेक वेळा असतं काय? शेतकऱ्यानं, कोळ्यानं, गुराख्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी साधी गोष्ट.

पंखांचंच उदाहरण पुरेसं आहे. किडींच्या गणांची नावं घ्या. 'डिप्टेरा': 'डि' म्हणजे दोन, म्हणजे दोन पंखांचे. माशी, डास, चिलट. बाकीच्या कीटकांना बहुधा चार पंख असतात. यांची मागची जोडी झिजून दोन लहानशा गुंड्या उरल्या आहेत, आणि उडताना तोल सांभाळायचं काम त्या करतात. 'कोलिऑप्टेरा': 'कोलिऑस' म्हणजे म्यान. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक होऊन मागच्या नाजूक पंखांवर म्यानासारखे बसतात. 'हायमेनॉप्टेरा': 'हायमेन' म्हणजे पातळ पडदा. मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी. 'ऑर्थॉप्टेरा': सरळ पंखांचे. नाकतोडा, टोळ. 'हेमिप्टेरा': अर्ध्या पंखांचे, कारण यातल्या ढेकण्यांसारख्या कित्येक किडींचा पुढचा पंख अर्धा जाड आणि अर्धा पातळ असतो. 'न्यूरॉप्टेरा': शिरांचं जाळं असलेल्या पंखांचे. इतकं सांगायला पाच मिनिटं लागतात. एवढी पाच मिनिटं दिली तर मुलाला सहा नावं पाठ करावी लागत नाहीत. एक शब्द कळला की सहा नावं आपोआप सुटतात.

यात केवळ गुणांचा प्रश्न असता तर रविवारच्या पुरवणीची जागा मी अडवली नसती. आमचा जिल्हा धानाचा आहे. इथे पंख ओळखता येणं न येणं हा पैशांचा प्रश्न आहे. धानावर आमच्याकडे तीन कीडी वरचेवर येतात आणि तिघी तीन वेगळ्या गणांतल्या. खोडकिडा हा पतंग, म्हणजे लेपिडॉप्टेरा. त्याची अळी खोडात शिरून आतला गाभा खाते. रोप लहान असेल तर गाभा मरतो, लोंबी आली असेल तर ती दाण्यावाचून पांढरी पडते. गादमाशी डिप्टेरा. दिसायला डासासारखी. तिची अळी वाढीच्या टोकाशी पोचते आणि फुटव्याचा पान होण्याऐवजी कांद्याच्या पातीसारखा चंदेरी पोंगा होतो. त्याला लोंबी म्हणून कधी येत नाही. तिसरे तुडतुडे, हेमिप्टेरा. यांना चावायचं तोंडच नाही, सोंड आहे. ती बुंध्यात खुपसून रस ओढत बसतात, आणि बघता बघता बांधीत जळल्यासारखे गोल चट्टे पडतात.

एक कुरतडते, दुसरीमुळे पोंगा होतो, तिसरी शोषते. एक खोडाच्या आत आहे, तिसरी बुंध्याशी बाहेर. मग तिघींना एकच औषध, एकाच वेळी, एकाच पद्धतीनं कसं चालेल? पण कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा असलेला शेतकरी "धानाला रोग आला" एवढंच सांगतो आणि समोरचा जी बाटली देईल ती घेऊन जातो. वरून मारलेला फवारा बुंध्याशी बसलेल्या तुडतुड्यापर्यंत पोचतच नाही. उलट सरसकट जहाल औषधानं त्यांना खाणारे कोळी आणि ढेकूण मरतात, आणि तुडतुडे पहिल्यापेक्षा जोरात वाढतात. हे जगभरच्या भातशेतीत पाहिलं गेलेलं आहे. २०१७ च्या खरिपात पूर्व विदर्भातल्या धानाची तुडतुड्यांनी काय दशा केली ती इथल्या कुणालाही सांगायला नको. त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कापसाच्या बोंडअळीच्या बरोबरीनं धानाच्या तुडतुड्यासाठीही सरकारला मदत जाहीर करावी लागली.

याच तुडतुड्याच्या बाबतीत आणखी एक शब्द आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की त्याचे 'ब्रॅकिप्टेरस' आणि 'मॅक्रोप्टेरस' असे दोन प्रकार असतात. वाचणारा इथेच पुस्तक मिटतो. उघडून पाहा: आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे. बस्स. पण त्या आखूड-लांब पंखांत केवढी माहिती आहे! लांब पंखांचे तुडतुडे उडत येतात. पीक कोवळं, रसरशीत असेल तर त्यांची पुढची पिढी आखूड पंखांची निघते. तिला कुठं जायचं नसतं. ती उडण्याची ताकद अंडी घालण्यात घालवते. पुढे गर्दी झाली, पीक पिकत आलं, की पुन्हा लांब पंखांचे जन्मतात आणि दुसऱ्या बांधीकडे निघतात. म्हणजे बुंध्याशी आखूड पंखांच्या माद्या दिसू लागल्या की समजावं, पाहुणे आता बिऱ्हाड करून बसले. हे ज्याला माहीत आहे तो शेतकरी आठवडाभर आधी जागा होतो. हे ज्ञान त्याच्यापासून कुणी लपवलेलं नाही. ते फक्त एका न उघडलेल्या शब्दात पडून आहे.

मग कुणी म्हणेल, ग्रीक कशाला हवं? आपली गावची नावं चांगली आहेत, तीच वापरा. गावच्या नावांबद्दल मला अपार आदर आहे, पण इथे थोडं थांबावं लागतं. आपण गादमाशी म्हणतो, मधमाशी म्हणतो, पांढरी माशी म्हणतो. तीनही 'माश्या'. प्रत्यक्षात गादमाशी तेवढी खरी माशी, दोन पंखांची. मधमाशीला चार पंख, ती हायमेनॉप्टेरा. आणि कापसावरची पांढरी माशी ही तर मुळी माशीच नव्हे. तिलाही चार पंख आहेत आणि ती तुडतुड्याची चुलतबहीण, रस शोषणारी. बीटी कापूस आला तेव्हा कित्येकांचा समज झाला की आता कीडच लागणार नाही. पण त्या कापसात जे विष आहे ते बोंडअळीसारख्या, म्हणजे पतंगाच्या अळ्यांसाठी. शोषणाऱ्या किडींना त्याची बाधा नाही. पुढे गुलाबी बोंडअळीही त्याला पुरून उरली ती कथा वेगळी. सांगायचं एवढंच की लेपिडॉप्टेरा आणि हेमिप्टेरा यांतला फरक ज्याला कळला होता त्याला पहिल्या दिवशीच कळलं असतं की ही पिशवी कशासाठी आहे आणि कशासाठी नाही. गावचं नाव आपुलकीचं असतं, शास्त्रीय नाव नातं सांगतं. शेतकऱ्याला दोन्ही हवीत.

आणि ही ग्रीक नावं तरी आली कुठून? ती काही राजवाड्यात बसून कुणी घडवली नाहीत. म्यानपंखी आणि दोनपंखी हे शब्द ॲरिस्टॉटलच्या लेखनात आहेत, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांहून जुने. लेस्बॉस बेटाच्या खाडीकाठी राहून त्यानं मासे, कीटक, पक्षी पाहिले, आणि कोळी, मधपाळ, शिकारी यांच्याकडून कितीतरी गोष्टी ऐकून लिहिल्या. त्याच्या भाषेत 'टेरॉन' हा शब्द पंडिती नव्हता. कोंबडीच्या पंखालाही तोच शब्द. पुढे १७५८ साली स्वीडनच्या लिनियसनं आपल्या 'सिस्टेमा नॅच्युरे' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कीटकांचे सात गण पाडले ते पंखांवरूनच, आणि सातही नावांच्या शेवटी पंख ठेवला. सातवा गण बिनपंखींचा, 'ॲप्टेरा'. तो पुढे मोडीत निघाला, कारण पंख नसणं ही काही नात्याची खूण नव्हे. बाकीची सहा नावं मात्र आजही चालू आहेत.

ॲरिस्टॉटलनं जे कोळ्यांपाशी बसून केलं तेच आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधला केलं. नवेगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेलं. वनाधिकारी म्हणून तिथे राहताना ढिवरांकडून, गोंडांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, माशांची नावं वेचली. जिथे मराठीत शब्द नव्हता तिथे त्यांनी घडवला, आणि तो तोंडात बसेल असा घडवला. बगळे-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला त्यांनी रूढ केलेला 'सारंगागार' हा शब्द आता पक्षिमित्र सहज वापरतात. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द असेच कष्टानं जमवले. म्हणजे शब्दांची खाण आपल्या दाराशी आहे, आणि ती खणणारी माणसंही आपल्याच मातीत झाली आहेत.

दुसरी वाटही आपल्याच शेजारी चोखाळली गेली. भंडारा मध्य प्रांतात असताना, १९४० च्या दशकात, डॉ. रघुवीर नागपुरात राहून संस्कृतच्या आधारे शास्त्रीय परिभाषा रचत होते. त्यांची विद्वत्ता प्रचंड होती. संस्कृतात उपसर्ग, धातू, प्रत्यय जोडून हवा तो शब्द करता येतो हे त्यांनी दाखवून दिलं. पण त्यांचे कितीतरी शब्द लोकांच्या तोंडी बसले नाहीत, थट्टेचा विषय झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघालं आणि विषयवार परिभाषा कोश तयार झाले. ते काम मोलाचं आहे, पण तिथेही एक गफलत राहिली. ग्रीक पेटीच्या जागी संस्कृत पेटी ठेवली की ती आपोआप उघडते असं आपण समजलो. 'द्विपंखी' कानावर पडताच कळतो, म्हणून तो टिकू शकतो. पण जो संस्कृत शब्द मुलाला फोडून सांगितला नाही तो त्याला ग्रीकइतकाच परका. शब्द कुठल्या देशातून आला याला महत्त्व नाही. तो वर्गात उघडला जातो की नाही, याला आहे.

देवनागरीत लिहिताना आपली एक वेगळी अडचणही होते. या ग्रीक शब्दाच्या सुरुवातीला 'प्' आणि 'ट' असे दोन उच्चार जोडून आहेत. ग्रीक लोक दोन्ही उच्चारत. इंग्रजीत तो शब्द सुरुवातीला आला की 'प' मुका होतो, मधे आला की बोलतो. आपण इंग्रजीचा उच्चार ऐकून लिहितो. त्यामुळे नववीच्या पुस्तकात नेचेवर्गीय वनस्पतींना 'टेरिडोफायटा' म्हटलेलं असतं आणि किडींच्या धड्यात 'लेपिडॉप्टेरा'. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाला निदान स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे तीच अक्षरं दिसतात. मराठी मुलाला 'टेरि' आणि 'प्टेरा' यांचं काही नातं असेल अशी शंकाही येत नाही. वास्तविक नेच्याला ग्रीकांनी 'टेरिस' म्हटलं ते त्याचं पान पिसासारखं असतं म्हणून. कुंडीत लावतात त्या नेच्याचं नाव 'नेफ्रोलेपिस', मूत्रपिंडाच्या आकाराचा खवला. म्हणजे पतंगातला खवला नेच्याच्या नावात आहे आणि पतंगातला पंखही नेच्याच्याच घरात आहे. उच्चार बदला असं मी म्हणत नाही. पण शिक्षकानं फळ्यावर एकदा लिहून दाखवायला काय हरकत आहे?

हाच पंख हेलिकॉप्टरलाही आहे. तो शब्द आपण 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडतो, म्हणून हेलिपॅड झालं. खरा सांधा पुढे आहे: 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टर' म्हणजे पंख. गुस्ताव्ह द पाँताँ दामेकूर या फ्रेंच गृहस्थानं १८६१ साली हे नाव केलं, प्रत्यक्ष माणसाला घेऊन उडणारं यंत्र निघायच्या कितीतरी आधी. योगायोग असा की त्याच १८६१ साली जर्मनीत चुनखडीच्या खाणीत सापडलेल्या पंखवाल्या प्राण्याला 'आर्किऑप्टेरिक्स', म्हणजे 'प्राचीन पंख' असं नाव मिळालं. आमच्याकडची पोरं चतुराला हेलिकॉप्टर म्हणतात. त्यांना हसू नका. पंख आणि त्याची चाल पाहून नाव ठेवायचं, हाच तर ॲरिस्टॉटलचा मार्ग.

आता यातली सगळ्यात गमतीची गोष्ट. ग्रीक 'टेरॉन' हा आपला परका नव्हेच. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की तो ज्या मूळ धातूपासून आला त्याच धातूचं संस्कृत रूप 'पत्', म्हणजे उडणे, पडणे. त्यापासून 'पत्र', ज्याचा जुना अर्थ पंख किंवा पीस, आणि मग पान. त्यापासूनच 'पतंग'. म्हणजे 'टसरचा पतंग लेपिडॉप्टेरा आहे' या वाक्यात एकाच आजीची दोन नातवंडं शेजारी बसली आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत. आमच्याकडे लग्नात पळसाच्या पानांची पत्रावळ मांडतात. त्या पत्रावळीतलं पत्र आणि हेलिकॉप्टरचा पंख हे भाऊबंद आहेत असं मी एकदा वर्गात सांगितलं तेव्हा मुलं आधी हसली. नंतर बराच वेळ कुणी हललं नाही. आपला 'पंख' मात्र 'पक्ष'पासून आला, त्याचं घराणं निराळं.

जंगलातही हेच. कोका अभयारण्याच्या बाजूला गेलात तर बिजाचं झाड दिसेल. कुणी त्याला बिबळा म्हणतं. त्याचं फळ उचलून पाहा: मधे बी आणि भोवती गोल पातळ पापुद्रा. वाऱ्यावर भिरभिरत लांब जाऊन पडतं. शास्त्रीय नाव 'टेरोकार्पस', पंखवालं फळ. त्या नावाचं भाषांतर झाडानंच तुमच्या तळहातावर ठेवलेलं असतं. संध्याकाळी गावच्या वडा-पिंपळावरून जी मोठी वाघळं निघतात त्यांचं नाव 'टेरोपस', पाय जिचा पंख झाला ती. आणि साऱ्या वटवाघळांचा गण 'कायरॉप्टेरा', हात ज्यांचा पंख झाला ते. पंखाचा पापुद्रा लांबच लांब बोटांवर ताणलेला असतो हे एकदा सांगितलं की वटवाघूळ पक्षी का नाही हा प्रश्नच उरत नाही.

शब्द फोडण्यातही धोके आहेत, ते लपवून चालणार नाही. वावळाचं झाड घ्या. त्याचं फळही पापुद्र्याचं आणि शास्त्रीय नाव 'होलोप्टेलिया'. मीही एकदा उत्साहात त्याचा अर्थ 'अखंड पंख' असा सांगून मोकळा झालो होतो. नंतर कळलं, 'प्टेलिया' म्हणजे ग्रीकांचा एल्म वृक्ष, वावळाचा दूरचा नातलग. पंखाशी संबंध जोडणं ही माझी घाई. तसंच, हायमेनॉप्टेरातल्या कामकरी मुंगीला पंख नसतात आणि हेमिप्टेरातल्या माव्याला कधी असतात, कधी नसतात. नाव हे ओळखपत्र आहे, पंचनामा नव्हे. पण चुकलेला अर्थ दुरुस्त करता येतो. ज्या शब्दाला मुलाच्या मनात अर्थच नाही तो दुरुस्त कसा करणार?

शाळेबाहेरचा एक प्रसंग सांगतो. आमच्या नात्यातल्या एका बाईंना डोळ्यात खुपायला लागलं. आयुष्य रोवणीत आणि कापणीत गेलेलं, डोक्यावर ऊन आणि डोळ्यांत धूळ. डॉक्टरांनी पाहिलं, चिठ्ठीवर काही लिहिलं आणि 'टेरिजियम आहे' एवढं सांगून पुढच्या रुग्णाला बोलावलं. बाई घरी येऊन रडत बसल्या. त्यांना वाटलं, कॅन्सरच. मी चिठ्ठी वाचली. 'टेरिजियम' म्हणजे छोटा पंख. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकत येणारी तिकोनी, माशीच्या पंखासारखी वाढ. आपल्याकडे लोक डोळ्यात मांस वाढलं म्हणतात तेच हे. उन्हातान्हात काम करणाऱ्यांना अधिक होतं, कर्करोग नव्हे, आणि बुबुळावर फार सरकलं तर काढता येतं. मी म्हटलं, "काकू, डॉक्टर म्हणाले डोळ्यावर माशीच्या पंखाएवढं मांस आलंय." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मंग असं सांगावं ना बापा!"

मंग असं सांगावं ना! माझ्या साऱ्या लेखाचं सार त्या एका वाक्यात आलं आहे. शास्त्रीय नाव काढून टाका असं त्या म्हणाल्या नाहीत. ते नाव लागतंच. पुढच्या गावच्या डॉक्टरला, दुसऱ्या देशातल्या संशोधकाला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलीला तेच नाव लागणार. म्हणून ते काढू नये, बदलू नये. उघडून द्यावं.

त्यासाठी फार काही करावं लागणार नाही. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी नव्या शब्दांची फोड द्यावी, चार-सहा ओळींची. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस याला द्यावा. ग्रीक-लॅटिनचे शंभर-दीडशे तुकडे कळले तर शाळेतलं निम्मं जीवशास्त्र वाचता येईल. साकोलीला धानाचं कृषी संशोधन केंद्र आहे, गावोगाव सहायक कृषी अधिकारी आहेत. किडींच्या पत्रकावर गावचं नाव, शास्त्रीय नाव आणि त्याचा अर्थ असे तीन रकाने छापायला काय लागतं? आणि परीक्षेत 'लेपिडॉप्टेरा' न आठवलेला पण 'पंखावर खवले असलेला' असं लिहिणारा मुलगा आढळला तर तपासणाऱ्यानं हात आखडू नये. त्या मुलाला नाव आठवलं नसेल, पण वस्तू समजली आहे. उलट झालं असतं तर काळजी करायची.

यात विज्ञान सोपं करून पातळ करण्याचा प्रकार नाही. उलट आज जे चाललं आहे तेच पातळ आहे. अर्थावाचून पाठ केलेलं नाव परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी गळून पडतं, आणि जाताना मुलाच्या मनात एक समजूत पेरून जातं, की विज्ञान ही आपली गोष्ट नव्हे, ती इंग्रजी शिकलेल्यांची. ही समजूत तुडतुड्यापेक्षा वाईट. ती बुंध्याशी बसते, दिसत नाही, आणि पिढीच्या पिढी वाळवते.

त्या मुलाच्या वहीतला शून्य मी नंतर खोडला. पुढच्या तासाला त्यालाच फळ्यापाशी बोलावलं. तो घरून एक मेलेला पतंग कागदात गुंडाळून घेऊन आला होता. टसरचा पतंग बाहेर पडल्यावर काही खात नाही. त्याला खायचं तोंडच नसतं. काही दिवस जगतो, अंडी देऊन मरतो. मुलानं तो टेबलावर ठेवला, पंख हळूच उलगडले, त्यावरचे काचेसारखे गोल ठिपके दाखवले, आणि बोटाला लागलेली भुकटी वर्गभर फिरून सगळ्यांना दाखवली. मग फळ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: लेपिडॉप्टेरा. वेलांटी चुकली होती. मी ती दुरुस्त केली नाही.